बाईसाहेब बाहेर येईनात

मी दातांचा डॉक्टर आहे. गेली अठरा वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतोय. अक्कलदाढेच्या मागच्या अंधारात खसखशीच्या दाण्याएवढी कीड दबा धरून बसलेली असली, तरी ती माझ्या नजरेतून सुटत नाही! त्यामुळे बायकोनं जेव्हा विचारलं, "बाबांबरोबर उद्यानांत जाशील का? त्यांना कोळी मोजायचेत," तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

"किती उद्यानं?"

"सात."

"एक रविवार पुरे. दुपारच्या जेवणाला दोघंही घरी."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं.

आता हे 'बाबा' म्हणजे माझे सासरे. पस्तीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढले. हातानं! रेघ केसभर सरकली तर तो माणूस रात्री जेवत नसे म्हणे. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, पत्ते खेळतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. आमच्या बाबांनी कोळी धरले. म्हणजे हातात नाही, मनात. शहरात कोळी निरीक्षकांचं एक मंडळ आहे. ते दरवर्षी सगळ्या उद्यानांतले कोळी पाहून, ओळखून, मोजून शहराच्या नकाशावर मांडतात. बाबांनी यंदा हौसेनं एकट्यानं सात उद्यानं अंगावर घेतली, आणि आठवड्याभरात जिन्यावरून पाय घसरून गुडघा दुखावून घेतला. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला हरकत नाही, पण वाकायचं नाही. आणि कोळी हा प्राणी तर गुडघ्याच्या खाली नाहीतर पानाच्या पोटाशीच राहतो! महिनाअखेर नोंदी दिल्या नाहीत तर मंडळाच्या नकाशावर ती सात उद्यानं कोरी राहणार होती. ज्या माणसानं आयुष्यभर नकाशे भरले त्याच्या नावावर कोरी जागा! बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

माझाही एक स्वार्थ होता, लपवत नाही. चौदा वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी माझ्याबद्दल एकच मत व्यक्त केलं होतं: "दात बरे काढतात."

रविवारी सकाळी सहाला आम्ही पहिल्या उद्यानात शिरलो. बाबांनी घडीचं स्टूल मांडलं, काठी आडवी ठेवली, मांडीवर वही घेतली आणि म्हणाले, "हं, जावईबापू. करा सुरुवात."

मी सुरुवात केली. झुडपं पाहिली, गवत पाहिलं, बाकांखाली पाहिलं. दीड तासात मला दिसलेले कोळी: शून्य. माझ्या अंगावर सापडलेले: तीन!

"कॉलरवर एक आहे," बाबा बसल्या जागेवरून काठीनं दाखवत म्हणाले. "एक कानामागे. आणि आत्ता जे तुम्ही तोंडावरून पुसलंत ना, ते त्याचं घर होतं."

मी तोंडातून जाळ्याचा धागा ओढून काढत होतो. तो संपतच नव्हता!

"तुम्ही कोळी शोधताय, तिथंच चुकतंय," बाबा म्हणाले. "नकाशा तपासताना काय करतात? चूक शोधतात. इथेही चूक शोधा. पान दुमडलंय, ते कशानं दुमडलं? फुलावर माशी बसलीय, ती उडत का नाही?"

मी समोरच्या पिवळ्या फुलाकडे पाहिलं. माशी खरंच उडत नव्हती. मी खिशातून माझा तोंडात घालायचा लहान गोल आरसा काढला, तो सवयीनं नेहमी खिशात असतोच, आणि पाकळीखाली धरला. माशीला पिवळ्याधमक रंगाच्या कोळ्यानं पाकळीआडून मिठी मारली होती! खेकड्यासारखे पाय पसरून, अगदी फुलाच्याच रंगाचा! मी गेली पाच मिनिटं त्याच्याकडेच बघत होतो आणि मला फूल दिसत होतं.

"बाबा!" मी लहान मुलासारखा ओरडलो.

"ओरडू नका. लिहितोय."

त्यानंतर मला वेडच लागलं. दुसऱ्या उद्यानात एका दगडी कठड्यावर मोहरीहून जरासा मोठा, केसाळ, उड्या मारणारा कोळी भेटला. समोर दोन मोठे डोळे, गाडीच्या दिव्यांसारखे. मी आरसा त्याच्यापुढे धरला. त्याला त्यात दुसरा कोळी दिसला! त्यानं पुढचे दोन्ही पाय वर केले आणि मारामारीला आल्यासारखा तिरका तिरका सरकू लागला. मी आरसा डावीकडे नेला, तो डावीकडे. उजवीकडे नेला, तो उजवीकडे. इस्त्रीचा शर्ट घालून मी फरसबंदीवर वीस मिनिटं पालथा पडून होतो. अठरा वर्षांत माझ्या आरशाकडे इतक्या उत्साहानं कोणीच पाहिलं नव्हतं!

जेवणाची वेळ कधीच टळून गेली. तिसऱ्या उद्यानात, म्हणजे माझ्या दवाखान्याच्या वाटेवर जे तळ्याचं उद्यान आहे तिथे, ती सापडली.

कंबरेएवढ्या मेंदीसारख्या दाट कुंपणावर कोणी मलमल वाळत घातल्यासारखं जाळं पसरलं होतं. त्याचं एक टोक खाली जाऊन नरसाळ्यासारखं आत गेलं होतं. आणि नरसाळ्याच्या तोंडाशी, अगदी उंबरठ्यावर, चार तपकिरी पाय पुढे काढून कोणीतरी बसलं होतं. एखादी घरमालकीण दारात येऊन भाडेकरूंवर नजर ठेवते ना, तसं!

मी मोबाइलवर फोटो काढला. पाय आले, बाकी सगळं धूसर. बाबांनी तो चष्मा वर-खाली करून पाहिला.

"मोठी दिसते. मादी असणार. बाहेर आल्याशिवाय ओळख पटायची नाही."

त्यांच्याजवळ सूर जुळवायला वापरतात तो धातूचा काटा होता. तो काठीवर आपटला की गुणगुणतो, आणि गुणगुणता काटा जाळ्याला टेकवला की कोळ्याला वाटतं, माशी फडफडतेय. शेजारच्या एका गोल जाळ्याला लावला, तर तिथला कोळी धावतच आला! इथे मात्र सात वेळा काटा लावला, बाईसाहेब ढिम्म.

"काट्याचा आवाज लगेच विरतो," मी म्हणालो. "माझ्याकडे याहून भारी वस्तू आहे, बाबा. दोन मिनिटं सलग गुणगुणते. उद्या सकाळी बघाच!"

बाबांना उद्या बघता येणार नव्हतं. दिवसभराच्या फिरण्यानं गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि त्यांना आठवडाभर घरात बसायची शिक्षा झाली. "तुम्ही रोज बघून मला फोन करा," ते म्हणाले. "दिसेल ते सगळं लिहा. तुम्हाला काय वाटतं ते नको, दिसेल ते." आणि त्यांनी वही माझ्या हातात दिली. त्यांची वही! या वहीला बायकोलासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती.

सोमवारी सकाळी मी ती भारी वस्तू घेऊन कुंपणापाशी उभा राहिलो. बॅटरीवर चालणारा टूथब्रश! बटण दाबलं, घुर्रर्र सुरू झालं, आणि मी ब्रशचं टोक हळूच जाळ्याला टेकवलं. काही नाही. जरा बाजूला टेकवलं. काही नाही. वरून, खालून, कडेनं, आम्ही पेशंटला शिकवतो तसं गोल गोल फिरवून पाहिलं. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत.

मागे फिरायला येणाऱ्या तीन गृहस्थांची रांग लागली होती.

"कुंपणाला कीड लागलीय का हो?" पहिल्यानं विचारलं.

"दिवसातून दोनदा घासावं लागतं का?" दुसऱ्यानं.

तिसऱ्यानं काही विचारलं नाही. तो फक्त दुसऱ्या बाजूच्या वाटेनं गेला, आणि पुढे आठवडाभर त्याच वाटेनं जात राहिला.

पण मी चिडलो नाही. निरीक्षकाला असं चिडून चालत नाही! मी रोज सकाळी चाळीस मिनिटं तिथे थांबू लागलो. वहीत नोंदी होऊ लागल्या. 'सोमवार: ब्रश, दोन मिनिटं. बाहेर आल्या नाहीत.' 'मंगळवार: समोर एक मेलेली माशी ठेवली. पाहिलंसुद्धा नाही. स्वभाव मानी असावा.' (बाबांनी 'स्वभाव मानी असावा' खोडायला लावलं.) 'बुधवार: एक मुंगी फार आगाऊ. रोज बाईसाहेबांच्या दाराशी येते, पुढचे दोन पाय वर धरून रहदारीच्या पोलिसासारखी हलवते. तिच्यामुळे बाईसाहेब बिचकत असाव्यात. ब्रशनं झटकली. धागा सोडून खाली उतरली. मुंग्या धाग्यावरून उतरतात हे मला आजच कळलं.'

गुरुवारी घोटाळा झाला.

सकाळी मी कुंपणापाशी उभा राहून, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन, बाबांशी बोलत होतो. माझ्या मागे कवळीकाकू येऊन उभ्या राहिल्यात हे मला माहीत नव्हतं. कवळीकाकू माझ्या जुन्या पेशंट. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना कवळी बसवली. त्या मनापासून ऐकू लागल्या की ती 'टक्' वाजते. त्या दिवशी वाजली असणार. पण ब्रशच्या घुर्रर्रमध्ये मला ऐकू आली नाही. त्यांना जे ऐकू आलं, ते असं:

"नाही, बाबा. बाईसाहेब आजही बाहेर यायला तयार नाहीत... छे, अन्नाचा कण नाही! चार दिवस झाले. समोर नेऊन ठेवलं, ढुंकून पाहिलं नाही... नाही हो, हात नाही लावला! तुम्हीच बजावलंत ना? ब्रशनं ढोसलं फक्त... टॉर्च मारली डोळ्यांवर. तरी हालचाल नाही... बरं. राहू दे म्हणता तशीच? ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना!"

फोन बंद केला, वळलो, तर काकू. चेहरा पांढरा.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "सासऱ्यांचा फोन होता?"

"हो! त्यांचा फार जीव आहे हिच्यावर."

"असणारच हो. आणि ती... आत बसलीय?"

"चार दिवस! कोंडून घेतल्यासारखी." मी सुस्कारा सोडला. "मी काय काय नाही केलं, काकू!"

"हा ब्रश..."

"हा हिच्यासाठीच आणला. थरथर झाली की येतात म्हणे बाहेर. हिच्यावर काही परिणाम नाही."

टक्! काकू दोन पावलं मागे सरकल्या. "अशा वेळी बळजबरी करू नये," एवढं कसंबसं म्हणाल्या आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं निघून गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई! हल्ली कोळ्यांचा इतका विचार कोण करतं?

दवाखान्यात पोहोचलो तर आमची मदतनीस फोनला चिकटलेली. "डॉक्टर, सकाळपासून सहा जणांनी वेळ रद्द केली!"

"का?"

"दुखायचं थांबलं म्हणाले."

"सहाही जणांचं?"

"एक म्हणाल्या, जो माणूस घरी ब्रशनं ढोसतो त्याच्यापुढे मी तोंड उघडणार नाही. काय झालंय, डॉक्टर?"

मला काय ठाऊक, काय झालंय! मी रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसलो आणि छताच्या कोपऱ्यात काही सापडतंय का ते पाहू लागलो.

संध्याकाळी बायको घरी आली. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसते. तिच्या हातात तीन परक्या घरांचे डबे होते, एक केळ्यांचा घड होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे शेवटचं फार वाईट!

"मला एक सांग," ती डबे टेबलावर ओळीनं मांडत म्हणाली. "मी किती दिवस उपाशी आहे?"

"म्हणजे?"

"रांगेतल्या बायका सांगतात, चार. एकीनं तिकिटांबरोबर डबाच आत सरकवला. म्हणाली, 'खाऊन घे गं, पुरुष असेच असतात.' दुसरीनं खिडकीतून हात घालून माझं डोकं थोपटलं! आमचे पोस्टमास्तर म्हणाले, सुट्टी हवी असेल तर घ्या, आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'टॉर्चचं ऐकलं मी.' कसली टॉर्च?"

मी सगळं सांगितलं. नरसाळं, पाय, बाईसाहेब, फोन, काकू. ती ऐकत राहिली. मग एक केळं सोललं आणि म्हणाली, "म्हणजे तू रोज सकाळी चाळीस मिनिटं दुसरीच्या दारात उभा असतोस."

"अगं, कोळी आहे ती!"

"माझ्यासमोर तू चाळीस मिनिटं शेवटचा कधी उभा राहिलास?"

यावर मी केळं मागून घेतलं. 

शुक्रवारी नवंच संकट. कुंपणापाशी उद्यानाच्या मुख्य माळीणबाई उभ्या, हातात हातभर लांबीची कात्री!

"थांबा!" मी धावलो. "इथे कापू नका!"

"माझं कुंपण आहे. दर महिन्याला कापते."

"आत बाईसाहेब आहेत!"

"ऐकलंय मी तुमच्याबद्दल," माळीणबाई म्हणाल्या, आणि कात्री त्यांनी जरा माझ्याच दिशेनं वळवली. पण बोलताना त्यांचा डावा हात उजव्या गालावर गेला. माझ्या नजरेनं ते टिपलं! मी त्यांना तिथल्या तिथे बाकावर बसवलं, आरसा घातला, आणि खालची शेवटची दाढ किती दिवस दुखतेय ते त्यांनी सांगायच्या आत मीच सांगितलं. दाढ बरी करून द्यायचं ठरलं. बदल्यात रविवारपर्यंत मुदत मिळाली.

"सकाळी दहापर्यंत," बाई म्हणाल्या. "दहा वाजून एक मिनिटाला कात्री."

मी बाबांना फोन केला. त्यांना कात्रीशी काही देणंघेणं नव्हतं.

"म्हणजे पाच दिवस! न खाता, न हलता! जावईबापू, ती अंडी राखत असणार. पिशवी मागे असेल नरसाळ्यात. अशी सलग, रोजच्या रोज घेतलेली नोंद मंडळात एकाकडेही नाही! मी मंडळाच्या प्राध्यापकबाईंना कळवतो. रविवारी सगळ्यांना बोलावतो. मीपण येतो, गुडघा गेला उडत!" मग घसा खाकरला. "तुमची नजर चांगली आहे."

चौदा वर्षांनी! मी फोन ठेवल्यावरही बराच वेळ कानाला धरून होतो.

रविवारी साडेनऊला तळ्याच्या उद्यानात बावीस माणसं बावीस घडीची स्टुलं घेऊन हजर झाली. गळ्यात भिंगं, डोक्यावर टोप्या, सगळे अगदी कुजबुजत बोलणारे. त्यांच्या प्रमुख प्राध्यापकबाई: चणीनं लहानशा, केस पांढरे, आणि डोळे असे की त्यांनी पाहिल्यावर मला माझेच दात मोजले गेल्यासारखं वाटलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून काठी टेकत आले होते. बायको आली होती. "सवत बघायला," असं ती मंडळाच्या खजिनदारांना सांगत होती. कवळीकाकू चार मैत्रिणींना घेऊन थोड्या अंतरावर उभ्या होत्या. आणि माळीणबाई घड्याळ बघत होत्या.

मी दोन शब्द बोललो. दोनाचे दोनशे झाले. बाईसाहेबांचा संयम, त्यांची एकाग्रता, आईपणासाठी चाललेली उपासमार! "आपण साधा फोन आला तरी दहा वेळा हलतो," मी म्हणालो. "पण सात दिवसांत हिचा एक पाय इकडचा तिकडे झाला नाही! आणि घाबरण्यासारखं काही नाही. ती अत्यंत शांत आहे."

टाळ्या वाजल्या. हळू, जाळं हलू नये म्हणून.

प्राध्यापकबाईंनी माझा आरसा घेतला आणि वाकल्या. अर्धं मिनिट गेलं. बाबा काठीवर पुढे झुकले होते.

"रोज किती वेळ पाहायचात?" बाईंनी न वळता विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"आणि ही कधीच हलली नाही."

"अजिबात!"

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि नरसाळ्यात फुंकर मारली. फूऽऽ!

बाईसाहेब उडाल्या! आठही पाय पसरून, अलगद तरंगत, गिरकी घेत वर आल्या आणि थेट माझ्या मिशीवर उतरल्या.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही. तळ्यातली बदकं उडाल्याचं आठवतं. मी मागच्या मागे उडी मारली आणि पाठीवर कुंपणात आरपार गेलो. माझं डोकं कुंपणाच्या पलीकडे, पाय अलीकडे, आणि मिशीवर बाईसाहेब. अजूनही अत्यंत शांत!

"कात आहे ती," प्राध्यापकबाईंचा आवाज आला. "कोळी वाढला की जुनं कातडं तंग होतं. मग तो ते सोडून बाहेर पडतो. पाय, नखं, तोंड, सगळं जसंच्या तसं राहतं. आत कोणी नसतं."

"म्हणजे मी सात दिवस..."

"कपडे पाहत होता."

टक्! "म्हणजे गेली ना सोडून?" कवळीकाकू मैत्रिणींना म्हणाल्या. "मी कधीची सांगतेय!"

बायको स्टुलावर बसून पदरानं डोळे पुसत होती. हसून हसून. बावीस माणसं कुजबुजत हसत होती. त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. पण काट्याकुट्यांतून मी बाबांकडे पाहिलं, आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या स्टुलाची घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती, आणि ते ती पुन्हा उलगडून पुन्हा घालत होते. कॉलेजात असताना एकदा मी चुकीची दाढ काढली होती. तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"वही कोणाची?" प्राध्यापकबाईंनी विचारलं. मी पडताना ती वाटेवर उडाली होती.

"माझी," बाबा म्हणाले. "लिहिलंय जावयांनी. द्या इकडे. त्यात काही नाही."

बाई द्यायच्या ऐवजी वाचू लागल्या. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग मागे आल्या.

"ही बुधवारची मुंगी," त्या म्हणाल्या. "पुढचे दोन पाय वर धरून हलवायची?"

"हो," मी कुंपणातून म्हणालो. "फार आगाऊ आहे. रोज झटकतो मी तिला."

"पाय मोजले होते?"

"नाही. मुंगीला असतात तेवढे असतील."

"आणि धागा सोडून उतरली?"

"हो. लिहिलंय ना."

बाईंनी वही मिटली. "मुंग्या धागा सोडत नाहीत हो, डॉक्टर!"

मग बावीस स्टुलं एकदम सरकली आणि बावीस माणसं गुडघ्यांवर आली. पानन् पान, फांदीन् फांदी! कोणी म्हणालं, मुंगीसारखा दिसणारा कोळी या शहराच्या नोंदींत अजून आलेलाच नाही. कोणी म्हणालं, श्वाससुद्धा सोडू नका. मला तर कोणी उठवायलाही तयार नव्हतं, उलट "तुम्ही हलू नका!" अशी तंबी मिळाली. मी हलणार तरी कसा? शर्ट सात ठिकाणी अडकला होता. पडल्या पडल्या मी माझ्या बाहीकडे पाहत होतो. बाहीवर एक मुंगी आली. थांबली. पुढचे दोन पाय वर धरून मला दम दिला.

"बाबा," मी हळूच म्हणालो.

आले ते. काठी टाकून आले. वाकायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं विसरले आणि कुंपणात शिरून, दुखरा गुडघा मातीत टेकून, माझ्या बाहीशी नाक नेऊन मोजू लागले. "चार. पाच. सहा..." त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. "सात. आठ!"

ते 'आठ' त्यांनी असं म्हटलं की दूरवरून येणारे लोक थांबले.

मग आम्ही दोघं तिथेच, काट्यांत, तिच्याकडे पाहत राहिलो. इतकी सुंदर लबाडी मी कधी पाहिली नव्हती! कंबर मुंगीसारखी आवळलेली, चाल मुंगीसारखी लगबगीची, आणि मुंगीच्या मिशा म्हणून नाचवत होती ते तिचे स्वतःचे पाय. घाईगर्दीत कोण मोजणार, असा तिचा हिशेब. बरोबरच होता. मी मोजले नव्हते.

"तुम्ही कातेला कोळी म्हणालात," बाबा तिच्यावरची नजर न काढता म्हणाले, "आणि कोळ्याला मुंगी. वर त्याला रोज ब्रशनं हाकललंत."

"हो, बाबा."

"पण लिहिलंत. धाग्यासकट." त्यांनी माझ्या मिशीवरची कात दोन बोटांनी अलगद काढली आणि वहीत ठेवली. "धागा लिहिला नसतात तर कोणाला कळणार होतं?"

दहा वाजून एक मिनिटानं माळीणबाई कात्री घेऊन आल्या, आणि कुंपणातलं माझ्या मापाचं भोक पाहून जागच्या जागी थिजल्या. "हे कोणी केलं?" बावीस बोटं माझ्याकडे वळली. शास्त्रज्ञ माणसं, खोटं बोलत नाहीत.

पुढच्या रविवारी चौथं उद्यान होतं. शनिवारी बाबांचा फोन आला. "सहा वाजता फाटकाशी. आरसा आणा. ब्रश घरी ठेवा." मी साडेपाचलाच जाऊन उभा राहिलो. फाटक सहाला उघडतं हे मला माहीत होतं. पण घरी बसवेना. नुसतं उभं काय राहायचं, म्हणून मी फाटकाच्या लाकडी चौकटीवर 'चूक' शोधू लागलो. आणि सापडली! डाव्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीवर, बारीक, गोल, काळपट. पाय पोटाशी घेऊन बसलेला. मी वीस मिनिटं श्वास रोखून पाहिला. आरसा दाखवला, बधला नाही. कात तर नाही ना, म्हणून फुंकरही मारली. उडाला नाही! म्हणजे खरा!

बाबा आले. मी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंग काढलं, बराच वेळ अगदी जवळून पाहिलं, आणि नखानं टकटक केलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हा खिळा आहे."

मी मुकाट्यानं वही उघडली. दिसेल ते लिहायचं, असं ठरलं होतं ना? लिहिलं: 'खिळा, एक. हालचाल नाही.'